सोलापुरात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोग्रामरच्या नोकरीसाठी सर्टिफिकेट घेऊ की स्टॅक ओव्हरफ्लोवर (प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट) पॉइंट वाढवू?

दोन्हींच्या आधी गिटहबवर (कोड ठेवायची आणि दाखवायची साइट) स्वतःचा एक चालता प्रोजेक्ट टाका. पैसे उरले तर सर्टिफिकेट, आणि पॉइंटच्या मागे तर लागूच नका. मी पुण्यात फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. डॉक्टर-वकिलांसारखी प्रोग्रामरला आपल्याकडे सनद लागत नाही, त्यामुळे शेवटी गाडी येते ती 'ही ओळ का लिहिलीत?' यावरच. चाटी गल्लीतल्या एखाद्या कापड दुकानासाठी जीएसटी बिलाचा प्रोग्राम करा. दहातल्या दोन चादरी परत आल्या तर बिल, कर आणि स्टॉक तिन्ही कसे फिरवायचे, एवढ्यावर अर्धा तास बोलता येतं. कमिट (केलेल्या बदलाची नोंद) मात्र रोजच्या रोज करा; आदल्या रात्री एकदम चढवलेला कोड लगेच ओळखू येतो.

सर्टिफिकेट घ्यायचंच तर मुदत बघून घ्या: एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) 3 वर्षं चालतं, मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची दरवर्षी ऑनलाइन रिन्यू करावी लागतात (ते फुकट आहे). स्टॅक ओव्हरफ्लोवर एका अपव्होटचे (कुणी पसंतीचं मत दिलं की) 10 पॉइंट मिळतात, पण एखाद्या टॅगचा (म्हणजे विषयाचा) गोल्ड बॅज हवा तर किमान 200 उत्तरं आणि 1000 स्कोअर लागतो. तो ज्याच्याकडे आहे त्याला मी मानतो, फ्रेशरकडून ती अपेक्षा कुणी करत नाही.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर मात्र गणित वेगळं: जाहिरातीत एमएस-सीआयटी किंवा जे काही लिहिलंय तेच प्रमाणपत्र लागतं, तिथे गिटहब कुणी उघडत नाही.