संकटांनी माणूस कणखर होतो, म्हणून मुलाला मुद्दाम पैसे कमी पाठवावेत का?

ताई, तुमचा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय आणि "आम्ही उपाशी राहून शिकलो, त्यालाही जरा झळ लागू दे" असं तुमचे सासरे म्हणतात. आमच्या घरात हेच वाक्य माझा थोरला भाऊ वर्षानुवर्षं म्हणत आलाय. त्यामुळे मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात मी सहा-सात वर्षांची. वडील मुंबईला गिरणीत बदली कामगार, पैसे येतील तेव्हा यायचे. विहिरीत प्यायपुरतं पाणी होतं, पण कणगीत दाणा नव्हता. (आताचे दुष्काळ उलटे, रेशनवर धान्य मिळतं आणि पाण्याला टँकर लागतो.) आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. धाकट्याची झोळी बाभळीला बांधलेली, ती हलवायचं काम माझं. दुपारी कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ मिळायचा, रात्री मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. थापतानाच तुटायची ती.

ढीग मोजून मजुरी ठरायची आणि मोजणारा माप मारायचा. एका आठवड्यात त्याने आईच्या टोळीची खडी निम्मीच धरली. तोवर चारचौघांत मान वर करून बोललेली आई मी पाहिली नव्हती. ती मुकाट्याने जाऊन ढिगावर बसली. मग तिच्या शेजारची बसली, मग सगळ्याच. उन्हं कलली तरी एकही बाई उठली नाही. शेवटी वरचा साहेब आला, पुन्हा टेप लागली, मजुरी पुरी मिळाली. त्यानंतर आई कोणाला भ्याली नाही. सातवीनंतर माझी शाळा बंद करायला भावकी जमली, तेव्हा ती एकटी सगळ्यांना पुरून उरली. म्हणून मी शिक्षिका झाले.

दादा गोष्ट इथेच थांबवतो. "बघ, दुष्काळानं घडवलं!" तात्यांचं नाव तो काढत नाही. तात्या आमचे थोरले चुलते. दुष्काळ तोच, घर तेच. त्यांनी खिलारी जोडी म्हसवडच्या बाजारात मातीमोलाने विकली, घेणारा ती कुठे नेणार हे ठाऊक असून. घराची अब्रू जाईल म्हणून कामावर गेले नाहीत, कोणाजवळ बोलले नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण तात्या शेतात उतरले नाहीत. मरेपर्यंत ओसरीत बसून राहिले. सोसणं मोजायचं तर त्यांनी आईपेक्षा कमी सोसलं असं मी म्हणणार नाही.

आईला दर आठवड्याला मजुरी होती, पोरांना सुकडी होती, ढिगावर शेजारी येऊन बसणाऱ्या बाया होत्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. ती कामं आपोआप निघाली नाहीत, सरकारने काढली. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, हा विचार विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरला, त्यातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली त्यासाठीच आला. दादाच्या पगारातून तो नोकरी संपेपर्यंत कापला गेला. तरी "मला कोणी काय दिलं होतं?" म्हणत त्याने इंजिनिअरिंगला असलेल्या स्वतःच्या मुलाचे मेसचे पैसे तोडले. ते पोर आज बापाशी कामापुरतं बोलतं. दादा, सुकडी कोणाची खाल्ली होतीस?

सगळं आयतं हातात द्या, असं माझं म्हणणं नाही. कपडे त्याचे त्याने धुवावेत, हिशेब ठेवावा, पूर्व परीक्षेत नापास झाला तर ते त्याला त्याचं सोसू द्यावं. वर्गातही माझं हेच पाहणं आहे, जरा अडखळलेली मुलं पुढे बरी टिकतात, मात्र मागे कोणीतरी उभं आहे हे त्यांना माहीत असेल तर. आणि तुमच्याकडेच खरोखर ओढाताण असेल तर त्याला आकड्यांसकट सांगा, तो समजून घेईल. खोटी टंचाई मात्र पोरांना लगेच कळते.

तेव्हा मेसचे पैसे पहिल्या तारखेला पूर्ण पाठवा. परीक्षा अजून किती वेळा द्यायची आणि त्यानंतर काय, हे त्याच्याशी बसून आत्ताच ठरवा. त्या बोलण्यात सासऱ्यांना घेऊ नका.