‘लेटर नंतर बघू’ म्हणतात, जाऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापूरजवळच्या पाचगावचा. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, निकाल लागून वर्ष होत आलं. जिथं जाईल तिथं पहिला प्रश्न, अनुभव किती? आता शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमधनं बोलावणं आलंय, पण ठेकेदाराकडनं, ट्रेनी म्हणून, बारा तास, महिना 11 हजार, नेमणुकीचं लेटर सहा महिन्यांनी बघू म्हणतात. आई म्हणते घरात बसण्यापेक्षा जा, पप्पा म्हणतात लेटर नाही तर पाऊल टाकायचं नाही, मित्र पुण्याकडं चाकणला चल म्हणतायत. काय करू?

उत्तर : पप्पांचं बरोबर आहे, पण अर्धंच. लेटर हवंच, फक्त कसलं लेटर मागायचं ते आधी बघ. तुझ्यासारख्या नुकत्या पास झालेल्या पोरांसाठी 1961 चा अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे आणि डिप्लोमा-डिग्रीवाल्यांची नोंदणी नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेच्या सरकारी पोर्टलवर होते. तिथं कंपनीचा आणि तुझा करार होतो, विद्यावेतन ठरतं, संपल्यावर सरकारी सर्टिफिकेट मिळतं. 2019 च्या नियमात डिप्लोमाला किमान 8 हजार धरले होते, आताचा आकडा पोर्टलवर बघून घे, आणि त्या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं, म्हणजे कंपनीला पण हे जड नाही. आता तू म्हणशील 11 सोडून कमी कशाला, तर एक तर ते किमान आहे, कंपनी जास्त देऊ शकते, आणि बारा तासाचं 11 म्हणजे तासाला किती पडतं बघ की जरा! अप्रेंटिसला परवानगीशिवाय ओव्हरटाइमला थांबवता येत नाही.

आणि एक गोष्ट पोरांना कुणी सांगतच नाही, वर्षभर किंवा जास्त नोकरीचा अनुभव झाला की नॅट्सचं दार बंद होतं. म्हणजे ठेकेदाराकडं असंच वर्ष काढलंस तर हातात कागद पण नाही आणि अप्रेंटिसची संधी पण गेली.

म्हणून कंपनीच्या एचआरला सरळ विचार, ठेकेदाराला नको, ‘सर, मला नॅट्समधनं अप्रेंटिस घ्याल का?’ नाही म्हणाले तर गोकुळ शिरगाव आहे, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी आहे, तिकडं विचार. नंतर कायम करायलाच पाहिजे असं बंधन मात्र कंपनीवर नसतं, ते मनात धरून बसू नकोस. ओरिजिनल मार्कशीट कुणी ठेवून घेतो म्हणाला तर झेरॉक्स द्यायची आणि उठायचं.

चाकणचं म्हणशील तर तिथं पण ठेकेदारच भेटणार, वर खोलीभाडं आणि मेस. पहिलं वर्ष मी तरी कोल्हापूरलाच काढ म्हणेन, आणि हे काही गावाच्या अभिमानानं नाही. आपल्याकडं कितीतरी ठिकाणी फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, आणि मशीन शॉप एकाच कंपाउंडमध्ये असतं. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, जॉब कापल्यावर आतला ब्लो होल, म्हणजे ओतताना गॅस अडकून राहिलेली पोकळी, उघडा पडतो तेव्हा नुसतं रिजेक्टचा शिक्का मारणारा पोरगा वेगळा आणि पलीकडं फाउंड्रीत जाऊन ‘वाळू ओली होती का, गॅस कुठनं राहिला’ विचारणारा वेगळा, दुसऱ्याला लोक लक्षात ठेवतात. त्यामुळं जमलं तर क्वालिटी, म्हणजे तपासणीचं खातं, मागून घे, तिथनं दोन्हीकडं ये-जा राहते.

इंटरव्ह्यूला जायच्या आधी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, हातात घेऊन बस. डिप्लोमाला 80 टक्के पडलेली पोरं पण तिथं गार पडतात बघ. मेन स्केलवर 24 मिमी, व्हर्निअरची 17 वी रेघ जुळली, लीस्ट काउंट म्हणजे सगळ्यात लहान माप 0.02, तर रीडिंग 24.34, हे विचार न करता तोंडातनं आलं पाहिजे. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडंतिकडं चालतं ते, पण वाचता येऊ दे. एवढं येत असलं की अनुभव किती या प्रश्नावर मान खाली घालायची नाही, ‘जॉब द्या, मोजून दाखवतो’ म्हणायचं.

आईला सांग, घरात बसत नाही, कंपन्यांत विचारायला पंधरा दिवस फक्त मागतोय.