नवी मुंबईच्या भूसंपादनाचा अभ्यास सुरू करणाऱ्यास

तुम्ही सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाच्या) स्थापनेपासून, म्हणजे 1970 पासून, वाचन सुरू करणार असल्याचे कळवले आहे. माझ्या मते आणखी मागे जावे. अलिबागजवळच्या चरी येथे कुळांनी (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी) 1933 ते 1939 अशी सहा वर्षे खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी न कसता संप चालवला. नारायण नागू पाटलांचा तो लढा समजून घेतला की, पुढे नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध लढणारे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे आगरी शेतकरी इतक्या निर्धाराने का उभा राहिला आणि जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण हुतात्मा होऊनही लढा का थांबला नाही, हे उमगू लागते. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना या 1984 च्या लढ्याचे फळ होय.

कागदपत्रांत प्रथम सातबारा आणि फेरफार पाहावेत. कब्जेदाराच्या रकान्याइतकेच लक्ष 'इतर हक्क' या रकान्याकडे द्यावे, कारण कुळांच्या नोंदी तिथे सापडतात आणि घाईत नेमक्या त्याच सुटतात. मिठागरातला मजूर किंवा खाडीत जाळे टाकणारा कोळी मात्र उताऱ्यावर बहुधा दिसतच नाही. त्यासाठी गावठाणातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलावे. पुढाऱ्यांच्या मुलाखती (त्या फार सहज मिळतात) नंतर घेतल्या तरी चालतील.