गॅलरीत नुसती अडगळ साठली आहे. रंगीत पट्ट्यांची रचना करून गॅलरीचं काही करता येईल का? कोणी केलंय का?

आम्ही केलंय. पण आधी ऊन बघा, रंग मागाहून.

आमची पुण्यातली गॅलरी साडेसात बाय चार फूट, पश्चिमेला. बंद कूलर, रंगाचे उरलेले डबे आणि कपड्यांची दोरी, एवढाच तिचा संसार. डोक्यात होती डेन्मार्कमधल्या आऱ्हुस शहरातल्या कला संग्रहालयाच्या छतावरची, कलाकार ओलाफुर एलियासन यांची २०११ची गोल वाट, १५० मीटर रंगीत काचेची. आमच्या वाट्याला ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, उभ्या रंगीत पट्ट्या आल्या. गंमत पट्ट्यांत नाही, त्यांतून पडणाऱ्या उजेडात आहे. पश्चिमेचं ऊन तिरपं, त्यामुळे संध्याकाळी रंग हॉलच्या भिंतीवर चढतात. थंडीत टीव्हीच्या बाजूला, मेमध्ये सरकत देव्हाऱ्याकडे. गॅलरी उत्तरेला असेल तर हा खटाटोप नको, सरळ भिंत रंगवा. दक्षिणेला असेल तर मजा हिवाळ्यातच. मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या सुमारास, पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, आत काही येत नाही.

सांगाडा एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचा, गंज रोखणारा रेड ऑक्साइड मारून, बाजूच्या भिंतींत अँकर बोल्टने पक्का. फरशीला भोक पाडू नका, खालच्यांच्या छतातून पाणी झिरपेल. ३ मिमी ॲक्रिलिक चौरस मीटरला साडेतीन किलो भरतं, काच दुप्पट.

चूक इथे झाली: फॅब्रिकेटरने स्क्रूच्या मापाचीच भोकं पाडली आणि मी मान डोलावली. एप्रिलमध्ये दोन पट्ट्या भोकापासून तडकल्या. मीटरभर ॲक्रिलिक ३० अंशांच्या फरकाने दोनेक मिलिमीटर वाढतं, त्याला जागा हवी. भोक मोठं, रबरी वायसर, आणि स्क्रू करकचून आवळायचा नाही. दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवा, पावसाळी वारा निघून जातो.

आधी मी निळ्या पट्ट्या भरपूर लावल्या होत्या. आई म्हणाली, "पोहे बघ, आजारी दिसतायत." खरंच, निळ्या उजेडात हळद मातकट होते. आता पिवळ्या-नारिंगी जास्त, निळ्या दोनच. त्यातली एक पिवळीच्या मागे अर्धी सरकवली, हिरवा फुकटात मिळाला.

बाहेरून दिसणारं काम आहे, सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

दोरी काढली नाही. बाबांचा पांढरा लेंगा संध्याकाळी नारिंगी दिसतो, त्यांची काही तक्रार नाही.