कोकणी माणसाच्या रक्तात सहकार नाही, हे साफ खोटं आहे

तुम्ही विचारलंय की इटलीच्या उत्तर भागात लोकांचा एकमेकांवर विश्वास आहे म्हणून तिथलं सरकार आणि उद्योग नीट चालतात, दक्षिणेत तो नाही म्हणून सगळं अडतं. मग पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात हाच फरक आहे का, आणि कोकणात सहकार रुजला नाही तो इथल्या संस्कृतीमुळेच ना?

तुमचा तो शेवटचा "ना?" वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. हेच वाक्य मी 2007 साली आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ऐकलंय. राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. 2003 साली आम्ही बेचाळीस बागायतदारांनी आंबा उत्पादकांची सहकारी संस्था काढली होती, मी तिचा सचिव. ती गुंडाळायची सभा होती. अध्यक्ष होते आमचे अप्पा, नात्याने माझे चुलते. ते उठले, धोतराचा सोगा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "कोकणी माणसाच्या रक्तातच सहकार नाही." सगळे खाली बघत राहिले. मीही राहिलो. तेव्हा गप्प बसलो याची खंत आजही आहे, म्हणून आज बोलतो.

आधी त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट सांगतो. शिमगा नुकताच उरकला होता. पालखी घरोघर फिरून परत सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर आली, रूप्यांची (देवाच्या मुखवट्यांची) पूजा झाली आणि प्रथेप्रमाणे हिशेबाची बैठक बसली. वही पेट्रोमॅक्सखाली उघडतात (आता ट्यूबलाइट आहे) आणि एकेक ओळ मोठ्याने वाचतात. कुणाच्या घरी किती ओटी आली, किती नारळ आले, लिलावात ते कितीला गेले, ढोलवाल्यांना काय दिलं, गावच्या मुंबईतल्या मंडळाने किती पाठवले. त्या वर्षी नारळांच्या पैशात 37 रुपयांचा फरक आला. फक्त 37. रात्री दोन वाजेपर्यंत कोणी उठलं नाही. शेवटी एका पोराला आठवलं की पाच नारळ गाऱ्हाण्याला फोडले होते, ते विक्रीत धरले गेले. तशी वहीत नोंद झाली, खाली चार जणांच्या सह्या झाल्या, मग माणसं घरी गेली. ही वही आमच्याकडे आजोबांच्या काळापासून चालू आहे. कुणी पैसे खाल्ले असं मी आजवर ऐकलेलं नाही. आणि बैठकीला बसलेली माणसं कोण? संस्थेच्या बेचाळीस सभासदांपैकी निदान पस्तीस.

मग ज्या रक्ताने 37 रुपयांसाठी रात्र जागवली, ते तीन आठवड्यांत सहकाराला नालायक कसं झालं?

संस्था का बुडाली ते आता सांगतो. पहिली दोन वर्षं बरी गेली. सगळ्यांचा आंबा एकत्र, पाच डझनी पेटी, एकच ट्रक, वाशीच्या घाऊक बाजारात एकच दलाल. तिसऱ्या हंगामात, म्हणजे 2005 मध्ये, दलालाकडून पैसे यायला उशीर झाला. मे संपला, आगोट आली, भातलावणी झाली, तरी शेवटच्या पट्ट्यांचे (दलाल विक्रीचा हिशेब लिहून पाठवतो त्या चिठ्ठ्यांचे) पैसे नाहीत. अप्पा म्हणायचे येतील, आणि मीही सभासदांना तेच सांगायचो. पट्ट्या माझ्या कपाटात होत्या. त्या मी कुणापासून लपवल्या नाहीत, पण वाचूनही दाखवल्या नाहीत. लेखापरीक्षण व्हायचं, अहवाल फायलीत जायचा. वार्षिक सभेत "अहवाल वाचला असे समजण्यात येते" एवढं म्हणून आम्ही चहा प्यायचो. शिवाय भाव सरासरीने द्यायचो. सड्यावरच्या कलमांचा निवडक आंबा आणि खालच्या परसातला डागी आंबा, दोघांना एकच दर. कुणाच्या किती पेट्या पहिल्या प्रतीच्या निघाल्या हे फक्त मला आणि दलालाला ठाऊक.

माझा चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, गावातला सगळ्यात चांगला बागायतदार. दीडशे कलमं, सगळी त्याच्या हाताने वाढवलेली. त्या दिवाळीत त्याच्या हातात फवारणीला पैसा नव्हता. मोहोर यायच्या आत औषध मारलं नाही तर तुडतुडा सगळं खातो, हे आंबेवाल्यांना सांगायला नको. सोसायटीचं कर्ज काढायला गेला तर सातबारावर एकतीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोघांचा पत्ताही कुणाला माहीत नाही. संमतीच्या सह्या आणायच्या कुठून? त्याने वाशीच्या दुसऱ्या एका दलालाकडून उचल घेतली. उचल घेतली की आंबा त्याच्याकडेच घालावा लागतो, तो या धंद्याचा नेमच आहे.

एप्रिल 2006. रात्री अकराच्या सुमाराला तिठ्यावर दादा टेंपोत पेट्या भरताना आम्ही चौघांनी त्याला धरलं. मी सगळ्यांदेखत त्याला गद्दार म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "गेल्या सालचे पैसे दे, आता खाली उतरवतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडलो. त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही. शिमग्याला मात्र पालखीखाली आमची जागा ठरलेली: तो पुढे, मी मागे. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द न बोलता ती पालखी नाचवली आणि कधी पाऊल चुकलं नाही. पुढे घरात दोन मयतं झाली तेव्हा बोलणं सुरू झालं, पण तिठ्याचा विषय आजही निघत नाही.

आता तुमच्या इटलीबद्दल. रॉबर्ट पुटनम या अमेरिकन अभ्यासकाचं ते संशोधन आहे. 1970 मध्ये इटलीने देशभर एकाच नमुन्याची प्रादेशिक सरकारं उभी केली, आणि वीसेक वर्षांनी बघितलं तर उत्तरेतली चांगली चालत होती, दक्षिणेतली रखडली होती. त्याने कारण शोधलं ते गायनमंडळं, फुटबॉल क्लब, वर्तमानपत्र वाचणारी माणसं यांत. जिथे अशी मंडळं जास्त, तिथे सरकार बरं. मूळ शोधत तो आठ-नऊशे वर्षं मागे गेला: उत्तरेत नगरराज्यं, दक्षिणेत नॉर्मन राजांची वरून चालणारी सत्ता.

मंडळंच मोजायची तर कोकणात या. प्रत्येक वाडीला भजनी मंडळ, नमन-खेळ्यांचा संच, क्रिकेटचा संघ आणि त्या प्रत्येकाची मुंबईत एक शाखा. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळमध्ये एका खोलीत गावची वीस-वीस माणसं राहायची. खोलीचं भाडं, खानावळ, आजारपण, मयताला गावी न्यायचा खर्च सगळं वर्गणीतून. विश्वास नसता तर ही व्यवस्था आठवडाभर टिकली नसती. मालवणकडे रापण बघा. एवढं मोठं जाळं एका घराला ओढवत नाही, सगळी वस्ती दोरीला लागते आणि मासळीचे वाटे किनाऱ्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात.

आणि चरीचा संप! अलिबागजवळच्या चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी 1933 पासून 1939 पर्यंत खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी. 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. सहा पावसाळे शेत ओसाड ठेवायचं आणि शेजारी फुटणार नाही या भरवशावर जगायचं. याहून मोठा सहकार मला कुणी दाखवावा. प्रत्यक्ष खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्याने. तोवर पिढ्यान्‌पिढ्या कागद खोताच्या घरात आणि घाम कुळाचा. माझ्या आजोबांनी आयुष्यभर खोताला खंड घातला, पण पावती म्हणून एक चिटोरा आमच्या घरात नाही. आमच्या लोकांचा अविश्वास आहे तो कपाटातल्या कागदावर, आणि तो अनुभवाने शिकलेला आहे. मी सचिव म्हणून पट्ट्या कपाटात ठेवल्या तेव्हा लोकांना कोण आठवलं असेल, हे मला फार उशिरा कळलं.

पश्चिम महाराष्ट्राच्या सहकाराचा मला आदर आहे. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांच्या गावोगावच्या पायपिटीवर. पण तिथे धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष होता, वैकुंठभाई मेहतांसारखा मंत्री होता, पुढे सरकारचं भागभांडवल आणि कर्जाला हमी आली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊस. तोडलेला ऊस दोन दिवस पडला की वजनही उतरतं आणि साखरही. शेतकऱ्याला तो मुंबईच्या दलालाकडे नेता येत नाही. कारखान्याला तो घालणारच, म्हणून बँक त्याला कर्ज देते आणि उसाच्या बिलातून कापून घेते. विश्वास आधी आला आणि कारखाना मागून, असं तिथेही झालेलं नाही. कारखान्याच्या बांधणीनेच माणसं एकमेकांना धरून राहिली. आंब्याचं उलट आहे. काढला की आठ-दहा दिवस हातात असतात, टेंपो दारात येतो, रोख मिळते. फुटायला वाट मोकळी असताना माणूस टिकवायचा तर त्याला पैसा वेळेवर आणि हिशेब समोर लागतो. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात 1946 पासून दूध संघाने नेमकं हेच केलं. दूध घातलं की फॅट बाईच्या समोर मोजायचं, हातात चिठ्ठी द्यायची.

म्हणजे संस्कृतीचा काही संबंध नाही का? आहे, आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. आमचा विश्वास वाडीपुरता आहे. पालखीला खांदा कुणी द्यायचा, मान कुणाचा, हे जातीने ठरत आलंय, आणि हिशेबाच्या त्या बैठकीत आजही बाई बसत नाही. जी वाडी एकीने वर्गणी काढते तीच एकीने एखाद्या घराला वाळीतही टाकते. शेजारच्या रायगड जिल्ह्यात अशी प्रकरणं इतकी झाली की 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला. तेव्हा "गावाची एकी" म्हटलं की मी लगेच भारावून जात नाही. वाडीचा विश्वास तालुक्यापर्यंत कसा न्यायचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुमचा खरा प्रश्न बहुधा तोच होता. पण तो न्यायचा तर पहिल्यांदा तो आहे हे मान्य करावं लागेल.

माझ्या बायकोचा बचत गट सोळा वर्षं चालू आहे, तीन वाड्यांच्या अठरा बायका. दर महिन्याला पैसे चटईवर मध्ये ठेवतात, मोजतात, वहीत लिहितात, मोठ्याने वाचतात. दोघींना लिहिता येत नाही, त्यांना आकडे पाठ आहेत. आमची संस्था बुडाली त्याच गावात.

तुम्ही संस्था काढणार असाल, प्रश्नावरून तसं वाटतं, तर उपविधी नंतर लिहा. आधी तुमच्या गावातला कुठला हिशेब आजवर बुडाला नाही ते शोधा आणि तो कसा वाचला जातो ते बघून या. प्रत वेगळी तर भाव वेगळा. पट्टी आली त्या संध्याकाळी वाचायची. दिवाळीत फवारणीला उचल देण्याइतका पैसा हाताशी असल्याशिवाय एकाही बागायतदाराकडे एकत्र आंब्याची शपथ मागू नका, तो ती मोडणार आणि मोडली तर दोष तुमचा. आणि कोणी रक्ताची भाषा केली तर तिथल्या तिथे उठून बोला. अप्पांच्या तोंडावर मी हे बोललो नाही, आता ते राहिले नाहीत.

एक गोष्ट मात्र बोलायची राहिलीय. संस्था अवसायनात गेली तेव्हा कुणाचं किती देणं, ती यादी मीच केली होती. दादाच्या नावावर 2005 च्या आंब्याचे 11,340 रुपये होते. ते त्याला मिळाले नाहीत आणि त्याने मागितलेही नाहीत. ज्याला तिठ्यावर गद्दार म्हणालो त्याचेच पैसे आमच्याकडे अडकले होते, हे गावात कुणाला माहीत नाही. ती यादी मी कपाटातून काढून ठेवलीय. येत्या शिमग्याला पालखीचा हिशेब संपला की सहाणेवर तीही वाचणार आहे, पहिल्या नावापासून.