आईवडील परगावी असल्यास बाल न्याय मंडळापुढे मामा उभा राहू शकतो का?

होय, राहू शकतो. बाल न्याय मंडळ म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे पाहणारे मंडळ. तुमचा पंधरा वर्षांचा भाचा शिक्षणासाठी इंदूरला तुमच्याकडेच राहतो आणि आईवडील दुबईला आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये पालक म्हणजे केवळ जन्मदाते नव्हेत. मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ ज्याच्याकडे आहे आणि ज्याला मंडळ तशी मान्यता देते, अशी व्यक्तीही पालकच ठरते. कलम 90 नुसार अशा व्यक्तीला हजर राहण्यास मंडळ सांगू शकते. नोटिशीत ‘किशोर न्याय बोर्ड’ आणि ‘संरक्षक’ हे हिंदी शब्द दिसतील. आपल्या कानाला ‘संरक्षक’ जरा पोलिसी वाटतो, पण अर्थ पालक हाच.

सोबत आईवडिलांचे संमतीपत्र, तुमच्या पत्त्याचा पुरावा आणि विशेषतः भाच्याचा शाळेचा जन्मतारखेचा दाखला न्या, कारण वयाचा वाद निघाल्यास तोच आधी पाहिला जातो. तिथे आरोपीचा पिंजरा नसतो. दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते उंच व्यासपीठावर न बसता मुलाशी समोरासमोर बोलतात. प्रश्न त्याला विचारला असेल तर उत्तर त्यालाच देऊ द्या. आपण मामालोक मध्येच बोलतो, ते टाळा.