आखेन आणि एक्स-ला-शापेल ही खरोखर एकाच शहराची नावे आहेत का? असल्यास ती इतकी वेगळी कशी?

होय, ही दोन्ही नावे एकाच शहराची आहेत. १७४८ च्या तहाच्या संदर्भात वाचनात येणारे ‘एक्स-ला-शापेल’ फ्रान्सच्या नकाशात शोधून सापडत नाही, कारण ते फ्रान्समध्ये नाहीच. जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमांना लागून असलेले आखेन ते हेच. फ्रेंच सेनानी ला बूर्दोने याने १७४६ मध्ये जिंकलेले मद्रास ज्या तहाने इंग्रजांना परत मिळाले आणि उत्तर अमेरिकेतील लुईबर्गचा किल्ला फ्रेंचांकडे परत गेला, तो तह या शहरात झाला. त्या काळी युरोपातील राजदरबारांच्या आपसांतील व्यवहाराची भाषा फ्रेंच होती. म्हणून तहाला शहराचे फ्रेंच नाव चिकटले, इंग्रज इतिहासकारांनी ते तसेच ठेवले आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ते इंग्रजीमार्गे आले.

आता नावांकडे वळू. या शहराचे अस्तित्वच गरम पाण्याच्या झऱ्यांवर उभे आहे. तेथील बुर्टशाइड भागातील काही झऱ्यांचे पाणी ७० अंश सेल्सिअसहूनही अधिक तापलेले असते आणि त्याला गंधकाचा वास येतो. रोमन सैनिकांनी येथे स्नानगृहे बांधली होती. रोमनांच्या लॅटिन भाषेत पाण्याला ‘आक्वा’ म्हणत आणि झऱ्यांच्या गावाला त्याचे अनेकवचन ‘आक्वाए’ असे नाव देण्याची त्यांची पद्धत होती. मध्ययुगीन लॅटिन लेखांत या गावाचा उल्लेख ‘आक्विस’ किंवा ‘आक्विसग्रानी’ असा येतो. त्यातील ‘ग्रानी’चा संबंध बहुतेक अभ्यासक ग्रानुस या केल्टिक देवाशी जोडतात. हा रोग बरे करणारा देव मानला जाई, रोमनांनी त्याची आपल्या अपोलोशी सांगड घातली होती आणि आजारी सम्राट काराकाल्लाने त्याची करुणा भाकल्याचे इतिहासकार डिओ कासिउस सांगतो. औषधी झऱ्यांच्या गावाला अशा देवाचे नाव मिळावे, हे मला तरी स्वाभाविक वाटते.

जर्मन ‘आखेन’ हे नाव या लॅटिन नावाचा अपभ्रंश आहे असे पुष्कळांना वाटते, परंतु तसे मानण्याची गरज नाही. प्राचीन जर्मन भाषेत वाहत्या पाण्याला ‘आहा’ असा शब्द होता. तो आणि ‘आक्वा’ हे एकाच कुळातील शब्द आहेत, आणि जर्मन भाषक प्रदेशातील ‘आख’, ‘आखे’ अशा नावांचे कितीतरी ओढे आजही त्याची साक्ष देतात. ‘आखेन’ हे त्याचे अनेकवचनी विभक्तिरूप असून त्याचा अर्थ ‘पाण्यांपाशी’ असा होतो. विशेष म्हणजे लॅटिन ‘आक्विस’ हेही विभक्तिरूपच आहे आणि त्याचा अर्थही तोच. आपल्याकडे एखाद्या परक्याने ‘पुण्यात’ हा शब्द वारंवार ऐकून तेच गावाचे नाव समजावे, तसे दोन्ही भाषांत घडले आणि प्रत्ययासह रूप गोठून नाव बनले. चेक भाषेने तर याच्याही पुढे मजल मारली. जर्मन लोक ‘आखेनला’ या अर्थी ‘त्सु आखेन’ म्हणत; त्यातील शब्दयोगी अव्ययाचा ‘त्स’ नावालाच जोडला गेला आणि चेक लोकांचे ‘त्साखी’ तयार झाले. या शहराच्या सगळ्या नावांत मला हे सर्वांत गमतीचे वाटते.

फ्रेंचांनी ‘आक्विस’ झिजवून ‘एक्स’ केले. मात्र दक्षिण फ्रान्समध्ये सेक्स्तिउस या रोमन सेनानीच्या नावाने वसलेले ‘आक्वाए सेक्स्तिए’ही झिजून ‘एक्स’च झाले होते; ते आजचे एक्स-आं-प्रोव्हान्स. ‘एक्स’ अनेक झाल्यावर ओळख पटवण्यासाठी शेपूट जोडणे भाग पडले आणि जर्मनीतील एक्सच्या वाट्याला ‘ला शापेल’, म्हणजे प्रार्थनामंदिर, आले. हे मंदिर फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन याचे. त्याचा चरित्रकार आइनहार्ट लिहितो की, गरम झऱ्यांत पोहण्याची आवड असल्यामुळेच सम्राटाने येथे राजवाडा बांधला आणि कधीकधी शंभराहून अधिक माणसे त्याच्याबरोबर पाण्यात उतरत. राजवाड्यालगतचे हे अष्टकोनी मंदिर आज आखेनच्या कॅथेड्रलचा गाभा आहे. ८१४ मध्ये शार्लमेनचे दफन येथेच झाले, ९३६ ते १५३१ या काळात जर्मन राजांचे राज्याभिषेक येथे होत राहिले आणि १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांची पहिली यादी केली तेव्हा तिच्यात हे कॅथेड्रल होते.

इटालियन ‘आक्विसग्राना’, स्पॅनिश ‘आकिसग्रान’ आणि पोलिश ‘अक्विझग्रान’ यांनी पाणी आणि देव दोन्ही सांभाळले. डच ‘आकेन’ हे जर्मन नावाचे सख्खे भावंड आहे, तर खुद्द शहरातील जुन्या बोलीत गावाला ‘ओखे’ म्हणतात.

या नावाआधी आणखी एक शब्द लागू शकला असता. जर्मनीत औषधी झऱ्यांची गावे नावाआधी ‘बाड’, म्हणजे स्नान, असे अधिकृतपणे लावतात आणि आखेनलाही तो मान घेता आला असता. तो का घेतला नाही, याचे नेहमी सांगितले जाणारे कारण असे की, ‘बाड आखेन’ झाल्यास वर्णानुक्रमाच्या याद्यांतील पहिले स्थान हातचे गेले असते.

तहाविषयी लिहिताना ‘एक्स-ला-शापेलचा तह’ हेच रूढ नाव ठेवावे, कारण ग्रंथांत तो त्याच नावाने सापडतो. शहराविषयी लिहिताना मात्र ‘आखेन’ लिहावे. बेल्जियममधून मोटारीने तेथे जाणार असाल तर फ्लेमिश, म्हणजे डच भाषक, भागातील रस्त्यांवरील पाट्यांवर ‘आकेन’ आणि फ्रेंच भाषक भागात ‘एक्स-ला-शापेल’ दिसेल, तरी रस्ता बदलू नये.